तिरक्या धक्क्याची वाट पाहणारी नसीम

नसीमच्या धाकट्या भावाचा, रफिकचा फोन आला तेव्हा ऊन नुकतंच ओट्यावर आलं होतं. "वसूताई, आपा गेली," एवढंच तो म्हणाला. त्या दिवसभर मला आमची शेवटची भेट आठवत राहिली. यवतमाळच्या दवाखान्यात नसीम पडून होती, आजारानं पार वाळलेली. मी शेजारी बसले तशी तिनं माझा हात धरला आणि डोळे न उघडताच विचारलं, "आता कुठून आलं?" खिडकीची काच थरथरली होती, बाहेरून एस.टी. गेली असावी. "रस्त्याकडून," मी म्हटलं. तिनं हळूच मान हलवली. "नाही वसू. खालून आलं... अन् तिरकं आलं."

नसीम आर्णीच्या एका मोटार मेकॅनिकची थोरली मुलगी. मी आर्किटेक्ट, ती स्ट्रक्चरल इंजिनिअर. मी इमारतीचा नकाशा काढायचा आणि ती उभी कशी राहील हे तिनं पाहायचं, अशी आमची जोडी केस पिकेपर्यंत टिकली. शिकत असताना ती भूकंपानंतर मदतपथकाबरोबर किल्लारीला गेली होती. तिथलं एकच घर ती पुन्हा पुन्हा सांगायची. चारही भिंती जागेवर, छप्परही बरंचसं शाबूत. फक्त एक कोपरा उकलून पडलेला, आणि त्या भगदाडात एक म्हातारे गृहस्थ आभाळाकडे पाहत बसलेले. "मी त्यांना म्हटलं, बाबा, बाहेर या. तर म्हणे, थांब, ते या वाटेनं गेलं, याच वाटेनं परत येईल." हे सांगताना तिचा आवाज नेहमी बारीक व्हायचा. पुढं कितीही इमारती केल्या तरी ती आधी कोपरे पाहायची.

मग ती कापसाची वाईट वर्षं आली. भाव पडले, बोंडं किडली, आणि गावोगावी सगळ्यात आधी मुलींच्या शाळा सुटू लागल्या. मारेगावात एका संस्थेनं घाईघाईनं मुलींचं वसतिगृह सुरू केलं. इमारत दुसऱ्याच कोणीतरी बांधून अर्धवट सोडलेली. ती पुरी करायचं काम आमच्याकडे आलं. तोवर मुली राहायला आल्याही होत्या. नसीमनं हिशेब तपासला. भूकंपाचा धक्का इमारतीच्या लांबीच्या दिशेनं धरला, इमारत टिकत होती. रुंदीच्या दिशेनं धरला, तरी टिकत होती. मी सुटकेचा श्वास टाकला, पण तिनं धक्क्याची दिशा थोडी थोडी फिरवत नेली आणि एका तिरक्या कोनावर हात थांबवला. पूर्वेच्या कोपऱ्यातला एक कॉलम, छताचा भार पेलणारा खांब, तिथं हार खात होता.

संस्थेचे सचिव, आम्ही त्यांना दादासाहेब म्हणत असू, वैतागले. "मॅडम, दोन्हीकडून टिकते म्हणता, मंग आता तिसरीकडून काहून पाहून राह्यल्या?"

नसीमनं ऑफिसातलं स्टूल ओढलं. समोरून ढकललं, तर ते दोन पायांवर कललं. मग कोपऱ्यातून ढकललं, तर सगळा भार एकाच पायावर आला आणि तो पाय कुरकुरला. "भूकंप आपला नकाशा पाहून येते का, दादासाहेब? कोण्या बाजूनं येऊ म्हणून पुसते का? तो कॉलम जाड करू, तोवर कोपऱ्यातली खोली खाली ठेवा."

"आपल्या इकडं कुठं येते भूकंप! पोरी भरल्या आहेत, खोली खाली करून त्याईले ठेवू कुठं?"

दुसऱ्या दिवशी नसीम वळकटी घेऊन आली. कोपऱ्यातल्या खोलीतल्या मुलींना तिनं इतर खोल्यांत सरकवलं आणि स्वतः तिथं राहायला लागली. कॉलम जाड होईपर्यंत या खोलीत दुसरं कोणी निजणार नाही, एवढंच म्हणाली. मी भेटायला जायची तर ती कॉलमला पाठ लावून बसलेली असायची. "येथं बसलं ना वसू, का कोणीतरी खालून कूस बदलते असं वाटते," ती म्हणायची. मी हसायची, आणि मग माझ्याही तळपायांना उगाच काहीतरी जाणवायचं... शेवटी दादासाहेबच हरले. जुन्या कॉलमभोवती नव्या सळ्या उभ्या राहिल्या, फळ्या लागल्या, काँक्रीट पडलं. दिवसभर ती फळीवर हात ठेवून उभी होती.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका रखरखीत दुपारी, आम्ही वसतिगृहाच्या अंगणात चहा पीत असताना जमीन हलली. अगदी हलकी, कपबशा किणकिणल्या, कुत्री एकाएकी गप्प झाली. कशालाच तडा गेला नाही. पण अंगणात इमारतीला समांतर बांधलेला सिमेंटचा चौकोनी हौद होता. त्याचं पाणी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतूनच सांडलं होतं, बाकीच्या कडा कोरड्या ठाक. त्यातला एक ओघळ सरळ कोपऱ्यातल्या खोलीच्या रोखानं गेला होता. मी म्हटलं, "नसीम, तुझं खरं झालं!" ती खूश झाली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "एवढ्याशा धक्क्यानं काहीच खरंखोटं होत नाही. जुना कॉलमही टिकला असता," ती म्हणाली. मग ओघळाकडे पाहत हळूच म्हणाली, "पण त्यानं वाट पाहून ठेवली."

तिच्या चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर मी मारेगावला गेले. कोपऱ्यातल्या खोलीत आता मुली राहतात. कॉलमवर हाताच्या उंचीला एक काळसर, तुळतुळीत डाग पडला आहे. येता-जाता प्रत्येक मुलगी तिथं तळहात टेकवते. मी एकीला विचारलं, "कायले गं हात लावता?"

"यात बाई हाय," ती सहज म्हणाली. "बांधतानी मधात उभी राह्यली होती म्हणते. मंग बाहेर आलीच नाई."

मी तिला जवळ बसवलं. ती बाई माझी मैत्रीण होती, यवतमाळला आजारानं गेली, तिथंच तिला दफन केलं, असं नीट समजावून सांगितलं. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग कॉलमकडे पाहत तिनं विचारलं, "मंग आम्ही हात लावला का आतमधून हात कोण लावते?"

शाळेची घंटा झाली, मुली पळाल्या. खोलीत मी एकटीच राहिले. मी तळहात कॉलमवर टेकवला... आणि बराच वेळ काढून घेतला नाही.