हवालदाराचा डावा खांदा

सदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत होतो. साताऱ्याहून त्याच्या मेव्हण्यानं केला होता. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायच्या आधीच सगळं आटोपलं... मी नुसता 'बरं, बरं' म्हणत राहिलो आणि सांगलीहून मिळेल त्या एसटीत चढलो. माहुलीला नदीकाठच्या स्मशानघाटावर पोचलो तर ही गर्दी. कॉलेजचे प्राध्यापक, छापखान्यातली माणसं, स्टँडवरचा पेपरवाला, लहानपणी त्याची पुस्तकं वाचलेली आणि आता मिशा फुटलेली पोरं. तेव्हा मला काय वाटलं ते लिहूनच टाकतो, कारण खोटं लिहिलं तर सदा वर बसूनसुद्धा पेन्सिल फिरवील. मला वाटलं, आपण गेल्यावर एवढी माणसं येतील का? रडू त्यानंतर आलं.

नव्वदच्या आसपास ज्यांच्या घरात शाळकरी मुलं होती त्यांना सदाचं नाव सांगायला नको. सांगलीचे आमचे प्रकाशक चित्रकथांची पुस्तकं काढायचे, स्टँडवर दोरीला टांगून विकली जायची ती. त्यात सदा स्वतः लिहायचा आणि आम्हा इतरांचं लिहिलेलं तपासायचा. शाळेतली कायमची नोकरी सोडून त्यानं हा धंदा धरला तेव्हा आम्ही मित्रांनी त्याला वेड्यात काढलं होतं. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो होतो. मी बँकेत कारकून, रविवारचा लेखक. त्याचं ते वेड आपल्याला झेपणारं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही.

दर गुरुवारी तो साताऱ्याहून सांगलीला यायचा. खांद्याला जाडजूड शबनम, तिच्यात आम्हा सगळ्यांची हस्तलिखितं, पेन्सिली आणि एक कात्री. प्रकाशकांच्या कचेरीत बसला की माझी कथा बाहेर काढायचा. मी चौकटीचौकटीत पल्लेदार वाक्यं लिहायचो, दोन-दोन दिवस घोटलेली. सदा कात्री काढायचा. चित्रातला बोलण्याचा फुगा असतो ना, तेवढ्या आकाराचा कागद कापायचा आणि माझं वाक्य त्यात बसवून बघ म्हणायचा. ते कुठलं बसायला. "गड्या, एवढं बोलंस्तोवर चोर फलटणला पोचंल," एवढं म्हणून त्यातले तीन शब्द ठेवायचा, बाकीचे खाली कचऱ्यात. पुस्तक निघालं की लोक नेमकं त्या तीन शब्दांचं कौतुक करायचे. तेही माझ्याजवळ, माझे म्हणून. माणसानं जळावं नाही तर काय करावं?

त्याची पुस्तकं माझ्यापेक्षा जास्त खपायची. त्याला दिवाळी अंकवाले विचारायचे, मला त्याचा पत्ता विचारायचे. पण एका बाबतीत मी त्याला मागं टाकलं होतं, आणि ते म्हणजे हवालदार म्हादबा. म्हादबा माझा, नावापासून मिशीपर्यंत माझा. सदाच्या कुठल्याही पात्राला मिळाली नसतील एवढी पत्रं म्हादबाला यायची. दर कथेच्या शेवटी चोर सापडला की म्हादबा पाठमोरा निघून जायचा, डावा खांदा खाली टाकून, मान जराशी उजवीकडं कलती, दिवसभराचं दमणं अंगावर घेतल्यासारखा. त्या चालीवर पोरं फिदा होती. आष्ट्याच्या बाजारात ती चाल चालून दाखवणारी पोरं मी स्वतः पाहिली आहेत. कथेत मी फक्त 'हवालदार जातो' एवढंच लिहायचो. चित्रं काढायचे माधवनगरचे आप्पा पेंटर, एरवी दुकानांच्या पाट्या रंगवणारे. पण पात्र माझं म्हणजे चालही माझीच, असं मी धरून चाललो होतो. एकदा मुद्दाम सदाला छेडलं, म्हटलं, हवालदाराची चाल बघितलीस का? त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "लय झ्याक," तो म्हणाला. "तुला कसं सुचतं रं?"

त्या एका वाक्यावर मी कितीतरी महिने काढले.

पुढं घरोघरी केबल आली आणि दोरीवरची पुस्तकं दोरीवरच राहायला लागली. प्रकाशकांनी दुकान आवरलं. मी मुकाट बँकेत रमलो. सदाचं मात्र गुरुवारी येणं चालूच, कुणाचं शाळेसाठीचं चित्रपुस्तक, कुणाची देवस्थानाची कथा, जे मिळेल ते. भेटला की नव्या कामाबद्दल बोलताना त्याचे डोळे चमकायचे. ते बघूनसुद्धा मला त्रासच व्हायचा.

तो गेल्यावर शोकसभा झाली. बोलणाऱ्यांनी चित्रकथा म्हणजे सदा, असंच समीकरण मांडलं. म्हादबाचा उल्लेखही कुणी केला नाही. मला ते लागलं. पुढच्या रविवारी माधवनगर गाठलं आणि आप्पांकडं म्हादबाचं एक मूळ पान मागितलं. फ्रेम करून घरात लावायचं होतं, आपलंही काही होतं याची निशाणी म्हणून. आप्पांनी माळ्यावरचं बाड काढलं. पक्क्या पानांच्या खाली कच्ची रेखाटनं होती. त्यात म्हादबा नव्हता. चष्मा लावलेला एक किडकिडीत माणूस होता, चोरासारखा दबकलेला, म्हातारीसारखा वाकलेला, आणि एका कागदावर पाठमोरा, डाव्या खांद्याला शबनम... सदा. हा यात कसा, मी म्हटलं.

"आवं, दुसरं कोण हुबं ऱ्हाणार?" आप्पा म्हणाले. "तुमी प्रेसच्या माणसाबरूबर कथा धाडायचा. बेस्तरवारी सदाभाऊ हिकडं यायचं, तुमचं वाचून दावायचं आन् सोता करून दावायचं. हवालदार चालताना म्या म्हनलं, पिशवी तरी काढा. तर म्हनलं, ऱ्हाऊ द्या आप्पा, हवालदाराला बी कायतरी वझं आसंलच की."

मला सांगू नका म्हणाला होता का, मी विचारलं.

"न्हाई. तुमी कवा इचारलंच न्हाई."

माधवनगरहून सायकल मारत परत येताना मी सदावर मनसोक्त चिडलो. 'तुला कसं सुचतं रं' म्हणताना हा मनात हसत होता का? तो चेहरा मी पुन्हापुन्हा आठवून पाहिला. हसू नव्हतं हो त्यात. त्यानं ती चाल मला देऊन टाकली होती आणि विसरूनही गेला होता. त्याच्या जागी मी असतो तर संध्याकाळच्या आत अख्ख्या सांगलीला कळवलं असतं. आता मला त्याच्या या विसरण्याचाही हेवा वाटतो, आणि भांडायला तो नाही.

पान फ्रेम होऊन आलं, बैठकीत लावलं. आप्पांनी शेवटच्या चौकटीत हवालदाराच्या खांद्यावरची पिशवी काढून टाकली आहे, पण वजन तेवढं ठेवलं आहे. खाली कोपऱ्यात माझं नाव आहे आणि ते मी खोडणार नाही. येणारे-जाणारे थांबतात, चालीचं कौतुक करतात, मी मान हलवतो. काल बायको म्हणाली, सदाभाऊजींचाही एक फोटो शेजारी लावू या का, खिळा आहेच.

मी म्हटलं, एकाच भिंतीवर तो दोनदा कशाला?