कोंबड्याला सांगितलेला निरोप

मेदान शहरात शाळेच्या फाटकापाशी शेवया परतून विकणाऱ्या रुमोंदांगला वर्षातून एकच सुट्टी मिळायची, पोरांना मिळायची तीच. यंदाची सुट्टी मात्र डॉक्टरांनी ठरवून दिली होती. तिच्या नवऱ्याचं, बिस्तोकचं, छातीचं ऑपरेशन झालेलं. "बस चालवायची नाही, वजन उचलायचं नाही. डोंगरात कुठे तळ्याकाठी नेऊन निजवा," असं डॉक्टर म्हणाले. म्हणून ती त्याला तोबा तळ्यावर नणंदेच्या घरी घेऊन आली.

पण निजतोय कोण! बिस्तोकने बादलीला हात लावला की ही धावायची. कुऱ्हाडीकडे नुसतं पाहिलं तरी धावायची.

"तियारचे बाबा, खाली ठेवा ते!"

"अगं, चमचा आहे हा."

"तरी ठेवा."

नणंद हसायची. "वहिनी, सुट्टीला आलीस की पहाऱ्याला?"

रुमोंदांगला स्वतःलाही बसायची सवय नव्हती. पहाटे उठून हात कढई शोधायचे. समोर तळं निळंशार पसरलेलं, पोरं त्यात डुंबतायत, आणि ही पायरीवर निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडतेय.

त्या दिवशी शेजारच्या गावात लग्न होतं. सगळं घर तिकडे गेलं. बिस्तोक झोपला होता म्हणून ती थांबली, आणि गुडघा दुखतो म्हणून नणंदेचे यजमान मानाहान. ती मागे कपडे धुऊन आली तर अंथरूण रिकामं.

डुकरांच्या गोठ्यामागे पाहिलं, आंब्यांखाली पाहिलं, चर्चच्या वाटेवर जाऊन आली. नाही. मानाहान पायरीवर बसलेले, पण त्यांना कसं विचारणार? नणंदेचा नवरा म्हणजे बाओ. बाओशी बाईने थेट बोलायचं नसतं, मध्ये तिसरं माणूस लागतं. त्यातून मानाहान चर्चमधले वडीलधारे. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे कधी मान वर करून पाहिलेलं नव्हतं.

आताही नवऱ्याला शोधत ती समोरून गेली की ते खाकरायचे. आपण वाटेत येतोय, असं वाटून ती कमरेला गुंडाळलेलं सारोंग सावरून, मान खाली घालून दुसऱ्या बाजूने जायची. मग ते उठून उभे राहायचे. ती आणखीच घाईने लांब व्हायची. असं किती वेळ चाललं देव जाणे. तेवढ्यात दुपारचा वारा सुटला. तळ्याचं पाणी काळं पडलं, लाटा किनाऱ्यावर आपटायला लागल्या.

मानाहाननी तिच्याकडे पाठ केली आणि अंगणातल्या कोंबड्याला मोठ्याने म्हणाले, "ए कोंबड्या, ऐक! तियारचे बाबा माझी होडी घेऊन टेकाडापलीकडे गळ टाकायला गेलेत. 'हिला सांगा, जेवायला येतो,' म्हणाले. मी सांगणार कुणाकरवी? घरात माणूस नाही!"

रुमोंदांग जागच्या जागी थिजली. मग तीही कोंबड्याकडे वळली. "विचार त्यांना, कधी गेले?"

"तू कपडे घेऊन मागे गेलीस तेव्हा... म्हणजे, कोंबड्या, त्या गेल्या तेव्हा."

"अरे, डाव्या हातात जीव नाही त्यांच्या! वल्हं कसं मारणार?"

कोंबडा दोघांच्या आवाजाला घाबरून पळाला. आता मध्ये कुणीच उरलं नाही. मानाहान लंगडत किनाऱ्याकडे निघाले आणि शेजाऱ्याची होडी सोडू लागले. बाओबरोबर एका होडीत! गावाला वर्षभर चघळायला पुरलं असतं. ती चढली, त्यांच्याकडे पाठ करून पुढे बसली आणि डब्याने आत आलेलं पाणी उपसू लागली. 'देवा, धरून ठेव त्यांना,' याच्यापुढे तिला प्रार्थना सुचेना.

टेकाडाला वळसा घातला तर खडकाच्या आडोशाला होडीत बिस्तोक, एका फांदीला धरून. चेहरा राखेसारखा, पण डोळे जागे.

"आलात? अगं, निरोप मिळाला ना?"

"मिळाला. कोंबड्याने दिला." तिने त्याचं मनगट पकडलं.

"छाती ठीक आहे. वारा सुटला म्हणून थांबलो."

मानाहाननी दोर टाकला. "बांधा, मेव्हणे. ओढून नेतो."

बिस्तोकने दोर उचलला. दवाखान्यात नर्स पेज भरवायची तेव्हा व्हायचा, तसाच त्याचा चेहरा झाला. जन्मभर घाटाच्या वळणांवरून बस नेलेला माणूस. लग्नाहून परतणाऱ्या साऱ्या गावासमोर तो ओढला जाणार होता. तो गाठ मारायला लागला.

रुमोंदांगने मागे वळून सरळ मानाहानकडे पाहिलं. "राहू द्या दोर. वारा ओसरला की काठाकाठाने तेच होडी नेतील. मी बसते त्यांच्या होडीत. तुम्ही खोल पाण्याच्या बाजूने चला."

मानाहाननी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली. "बरं, बाई," एवढंच म्हणाले आणि दोर ओढून घेतला.

वारा ओसरायला बराच वेळ लागला. बिस्तोकने वल्हं हातात घेतलं. होडीची कड दोन्ही हातांनी आवळून ती त्याच्या डाव्या खांद्याकडे बघत बसली. तो खांदा वर जाई, थरथरे, खाली येई.

"हळू."

"हळूच आहे. तियारची आई, श्वास घे."

"तुम्ही घ्या," ती म्हणाली, "मग घेते."