चौथ्या घरचा ख्रिस्तप्रसाद

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, फादरांना नाही — पापनिवेदनाला गुडघे टेकले तेव्हाही नाही. तिथे मी चिडलो, उपवास मोडला, असलं किरकोळ सांगून मोकळा होतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. भित्र्या माणसाची अक्कल एवढीच.

आमच्या वसईच्या गावात चर्चमधली रविवारची मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, आटोपली की अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद — मिस्सेत पवित्र केलेली भाकरीची पातळ चकती — न्यायचा असतो. फादर एकटे किती घरं फिरणार? म्हणून आम्हा काही जणांना नेमलंय. प्रसादाची छोटी डबी छातीशी धरायची, वाटेत कुठे रेंगाळायचं नाही, नेऊन द्यायचा. माझ्याकडे चार घरं होती. तीन बंगले — आणि चौथं इनास काकाचं.

इनास काका म्हणजे गावाच्या कबरी खणणारा माणूस. पगारी नव्हे हो. कोणी गेल्याचं कळलं की फावडं घेऊन आपणहून हजर. माझ्या वडिलांची कबर त्यानेच खणली, भर पावसात, बादलीने पाणी उपसत. मी पाकीट पुढे केलं तर म्हणाला, "ठेव ते. तुझा बाप माझ्या लग्नात नाचला व्हता." तोच काका आता साखरेने पाय सडून पडला होता.

आणि मी नवी गाडी घेतली. मोठी, पांढरी. काकाच्या दारापर्यंत ती जात नव्हती. केळीच्या वाडीतून चिखल तुडवत जावं लागायचं. आणि खोलीत तो वास — खरं सांगू? वास हे निमित्त. बंगल्यांत गाडीचं कौतुक व्हायचं, चांगल्या कपात चहा यायचा. काकाकडे काय होतं? काका होता, बस.

एका रविवारी उशीर झाला. वाडीच्या तोंडाशी गाडी थांबवली आणि पायांकडे पाहिलं. बूट नवे होते. डबीत एक प्रसाद उरलेला. तो परत चर्चमध्ये नेला तर फादर विचारणार — का राहिला? मग... मग तो मीच घेतला. गाडीत, एसी चालू ठेवून. कपाळावर क्रूस केला आणि घरी जेवायला गेलो.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. अख्खा पावसाळा मी काकाच्या तोंडचा घास गाडीत बसून खाल्ला.

पाऊस सरता सरता फादर काकाला भेटून आले. चर्चच्या पायरीवर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "इनास तुझं फार कौतुक करत होता. म्हणे, चिखलातून येतो पोर, एक रविवार चुकवत नाही."

काका माझ्यासाठी खोटं बोलला होता. मरायला टेकलेला माणूस, फादरांशी — का, तर माझी अब्रू जाऊ नये म्हणून. आणि मी काय म्हणालो असेन? "असू दे फादर, आपलं कामच आहे ते."

त्यानंतर एक रविवार हातात होता. हो, होता. कुठल्या तोंडाने जाऊ, असं वाटून तोही घालवला. बुधवारी काका गेला.

मयतीच्या घरी कातरिन काकू, त्याची बायको, माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "दर रविवारी नवापासून इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. मेजावर पांढरा कपडा, मेणबत्ती, समदं मांडून. बारा वाजले का म्हणायचा, विझव आता, पोराला काम निघालं असंल." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सुटलो असतो. मग तिने विचारलं, पानी देऊ का तुला? आणि मी प्यालो.

यंदा चर्चच्या सणाला गावाने माझा सत्कार केला — आजाऱ्यांच्या सेवेबद्दल. फादरांनी भाषणात काकाचे ते शब्द जसेच्या तसे सांगितले. तेव्हा बोलता आलं असतं. माइक समोरच होता. काकू पहिल्याच बाकावर बसली होती, माझ्याकडे बघत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनेही वाजवल्या. मी शाल खांद्यावर सावरली आणि जागेवर येऊन बसलो.