पालथं घातलेलं लेकरू

आमच्या बाळाचा श्वास वाजायचा. दोन महिन्यांचं लेकरू, पण श्वास ओढताना चिरकायचं, गळ्याखाली खड्डा पडायचा, दूध पिता पिता निळं व्हायचं. खरं सांगते, देवावरचा माझा भरवसा तेव्हा उडाला होता. आमच्या कामठा गावात सगळ्यांचं एकच निदान: डबा झाला, म्हणजे लेकराची छाती भरली. आणि त्यावर उपायही एकच, तापल्या विळ्यानं पोटावर डाग. सासूबाई म्हणाल्या, "काऊन रडून राहिली? तुह्या नवऱ्यालेही देला होता डाग. जगलाच ना थो?" एवढंसं पोट ते! डाग लांबवायला मी नवस पुढे केला. आधी प्रतापगडच्या महादेवाच्या पायावर घालून आणू, मग काय तो डाग द्या. नवसापुढे त्यांचंही काही चालेना.

शिवरात्रीची जत्रा होती. गडाच्या पायथ्याशी एक सरकारी डॉक्टर पटकीची सुई टोचत बसला होता. सुईच्या भीतीनं लोक त्याला चुकवत होते, मीही पदर ओढून सटकले.

वर देवापुढे बाळाला पालथं घातलं आणि आवाज बंद! गेलं की काय माझं लेकरू, म्हणून झडप घालून उचललं. उताणं होताच पुन्हा चिरकलं. पुन्हा पालथं घातलं, पुन्हा शांत. पाठ संथ हलत होती. "देवानं हात फिरवला वं," सासूबाईंनी हात जोडले. मी मात्र बाळाला छातीशी धरून गड उतरत सुटले, ज्याला चुकवलं होतं त्याच डॉक्टरकडे. तसं का सुचलं, आजही सांगता येत नाही.

माझं बोलणं ऐकून त्यानं सुई बाजूला ठेवली. "फिर से पलटाओ, बाई." मग चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून उन्हात पाहिलं. जिभेच्या मुळाशी बोराएवढा, पाण्यानं भरलेला फुगा होता. उताणं केलं की श्वासाच्या वाटेवर बसायचा, पालथं केलं की पुढे सरकायचा. "डबा-बिबा कुछ नहीं. दागना मत. सीधे नागपूर ले जाओ."

नागपूरच्या दवाखान्यात तो फुगा फोडला, तेव्हा माझं बाळ पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं रडलं. त्याच्यासोबत सासूबाईही रडल्या. त्यानंतर आमच्या घरात विळा धानालाच लागला.

त्या डॉक्टरचं नावही विचारायचं राहून गेलं. दर शिवरात्रीला त्याच्या नावाचं एक बेलाचं पान मी वेगळं वाहते. भरवसा उडाला होता, तरी आजार घेऊन जा, असंच मी मागायला गेले होते. महादेवानं तो नेला नाही, दाखवला. माझ्या लेकराला तेवढंच हवं होतं.