उलटा ठेका

दारव्ह्याच्या जहीर मास्तरचा बँड एकोणीस वर्षं वाजला; त्याचं नाव झालं ते उकंडाच्या एका खोडीवर. बोरी अरबचा उकंडा ढोलावरची थाप कायम किंचित उशिरा टाकायचा. जहीरनं आधी शिव्या दिल्या. मग एका वरातीत त्यानं आपला ट्रंपेटच त्या उशिराशी जुळवून घेतला. वरात अशी नाचली की नवरदेव घोड्यावरून खाली उतरला. तेव्हापासून वणीपर्यंत लोक ‘उलट्या ठेक्याचा बँड’ एवढंच नाव सांगत.

बँडचा नियम मात्र सरळ होता. ज्या घरात सुतक, त्या घरापुढं बाजा बंद. चाळीस पावलं वाद्यं खाली धरून चालायचं. कपाशी बुडाली त्या वर्षांत अशी घरं वाढली. काही गावांत वाजवण्यापेक्षा चालणंच जास्त व्हायचं. वऱ्हाडी अंगावर येत. जहीर ऐकत नसे. हा नियम मोडला त्या दिवशी बँड बंद, असं तो बायकोला, अकीलाला, सांगायचा.

दोन हजार तीनला वणीच्या एका लग्नात त्यानं चारचौघांत उकंडाला अडाणी म्हटलं. उकंडानं ढोल गळ्यातून न काढताच उत्तर दिलं, “माह्या चुकीवर तुहं घर चालते, मास्तर.”

जहीरनं ढोल हिसकावून घेतला आणि त्याला तिथंच रस्त्यावर सोडलं. त्यानंतर बँडच्या दुकानात उकंडाचं नाव घ्यायला बंदी झाली. नवा ढोलवाला कपिल एकदा चुकून बोलला. जहीरनं हातातली ट्रंपेटची पितळी तोटी फेकून मारली. कपाळाला तीन टाके पडले.

तीन वर्षांनी, मे महिन्यात, बोरी अरबची वरात मिळाली. जहीरनं सकाळीच बजावलं होतं. पाण्याच्या टाकीजवळच्या त्या घरापुढं सगळ्यात जलद गाणं, जीव खाऊन. घर कोणाचं, ते त्यानं सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

ऊन कलताना वरात तिथं पोचली. जहीरनं दाराकडं न पाहता ट्रंपेट उचलला. गाल फुगवून वाजवला. कपिलचा हात आखडत होता, तर त्याच्यावर डोळे वटारले.

दार उघडलं. उकंडा बाहेर आला. डोकं भादरलेलं. त्याच्यामागं, आत जमिनीवर, पिठात ठेवलेला दिवा.

ट्रंपेट खाली आला. बाजा जागीच थांबला.

“आता कायले थांबला?” उकंडा म्हणाला. “माह्या बायकोले, धनीले, जाऊन दोन रोज झाले. तिले जे ऐकवाचं होतं ते ऐकवलं तू. वाजव आता.”

त्यानं दार लावून घेतलं.

जहीर चालू लागला. त्याच्यामागून सगळे. चाळीस पावलं झाली. त्यानं ट्रंपेट उचलला नाही. नवरदेवाच्या मामानं कॉलर धरली, आईवरून शिव्या घातल्या. कोटाचं बटण तुटून धुळीत पडलं. जहीरनं हात वर केला नाही.

परतताना जीपमधून दारव्ह्याचे दिवे दिसल्यावर कपिल म्हणाला, “मले सकाळीच चहाच्या टपरीवर समजलं होतं, मास्तर. धनीबाई गेली म्हणून.”

“मंग काहून नाही सांगतलं?”

कपिलनं कपाळावरच्या वणावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जहीरनं दुकानावरची पाटी उतरवली. अकीलानं कारण विचारलं नाही.