कॅप्टनची डुलकी

ऐंशीनंतरच्या काळात ओझरहून छोटी विमानं उडवणाऱ्या एका कंपनीत मी टायपिस्ट होतो. वैमानिकांच्या कराराची बोलणी आमच्या शरणपूर रोडच्या ऑफिसात चालत. वैमानिकांच्या बाजूने एक कॅप्टन येत. खुर्चीत बसण्याआधी ते ती हलवून बघत, चहाआधी कपाचा कान तपासत; जणू सगळ्यालाच उडायचं आहे. बोलणं इतकं हळू, की समोरचा आपोआप पुढे वाकायचा.

कंपनी फायद्यात होती, त्यामुळे पगारवाढ मॅनेजरसाहेबांनी हसत मान्य केली. अडलं ते दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीवर.

"पैसे घ्या हो, झोप कसली मागता?" असं म्हणून साहेब विमानं कशी कमी आहेत, ती थांबवून ठेवणं कसं परवडत नाही, ते समजावत बसले. थोड्या वेळाने बघतात तर कॅप्टन चक्क घोरत होते.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "मी बोलतोय आणि तुम्ही झोपता?"

कॅप्टननी सावकाश डोळे उघडले. "इथे झोपलो तर तुम्ही उठवलंत, साहेब. वर कोण उठवणार?"

विश्रांतीचं कलम मी त्याच दुपारी टाईप केलं. बोलणी चालली तेव्हा मी कॅप्टनच्या शेजारीच बसलो होतो. ते घोरत असताना टेबलाखाली त्यांचा पाय मजेत ताल धरून होता.