खिळ्यांचं हस्ताक्षर

निळ्या शाईची ती दोन पत्रं मी अजून विसरलेलो नाही. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला काही वर्षं झाली होती आणि मी परतूर ठाण्यात फौजदार होतो. निजामाच्या राज्यात फौजदाराला अमीन म्हणत; त्या जुन्या सवयीने लोक मला अमीनसाबच म्हणत.

एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न निनावी पत्रांनी मोडायला आलं होतं. 'मुलीला फेफरं येतं' असं एक पत्र नवरदेवाच्या बापाला गेलं, तसंच दुसरं काकाला. "अमीनसाब, अक्षर मास्तरचं हाय, बिलकुल शक न्हाई," व्यापाऱ्याने खबर दिली. मास्तर मुलीला घरी शिकवायला येत. त्यांचं अक्षर गोल, मोकळं, किंचित उजवीकडे कललेलं; पत्रातलंही तसंच. शाळेची कमिटी त्यांना काढायला निघाली होती.

मी त्यांना ठाण्यात बोलावून दरडावलं. खरं सांगतो, मीही त्यांनाच गुन्हेगार धरून बसलो होतो. मास्तरांनी दोन्ही पत्रं एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरली.

"साहेब, आठही ओळी बराबर एकमेकींवर बसून राह्यल्या. वीस वर्षं पोरांची अक्षरं तपासतो मी. माणसाचा हात दोनदा असा चालत न्हाई."

मी कागद उलटा करून बोट फिरवलं. अक्षरं मागून टोचत होती. पत्रं लिहिलेली नव्हती, छापलेली होती!

आमच्याकडच्या लग्नपत्रिका जालन्याहून छापून येत. साध्या कपड्यांत तिथल्या एका छापखान्यात गेलो, पुतणीची पत्रिका छापायची म्हणालो. मालकाने हौसेने नमुना पुढे केला; तेच गोल, उजवीकडे कललेलं अक्षर. "हे छपाईचे हस्ताक्षरी खिळे, मुंबईहून आणले. छापील वाटतच न्हाई. पाव्हण्याला वाटतं, यजमान स्वतः बोलावून राह्यला."

"आणखी कुणाकडं हायत?"

"जिल्ह्यात न्हाईत साब!" तो छाती फुगवून म्हणाला.

मी दोन पत्रं त्याच्यापुढे ठेवली. त्याचा चेहरा उतरला. ते स्थळ त्याला भाचीसाठी हवं होतं, हे त्याने कबूल केलं. स्वतःचं अक्षर ओळखू येईल म्हणून त्याने खिळे जुळवले. मास्तरांवर बालंट येईल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

संशयिताचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायचं, हे मी या केसमध्ये शिकलो. त्या दिवशी मास्तरांना मध्येच गप्प केलं असतं, तर एक सज्जन माणूस माझ्या हातून बुडाला असता.

दुसऱ्या दिवशी वर्दी चढवून मी मास्तरांबरोबर भर बाजारातून शाळेपर्यंत पायी गेलो. दुकानदार गाद्यांवरून उठून उभे राहिले. बाजारातून आरोपी तर मी पुष्कळ नेले. निर्दोष माणसाला मानाने घेऊन गेलो तो एकदाच, आणि सगळ्या नोकरीत माझी मान तेवढी ताठ कधीच नव्हती.